टेम्पो मंथली लावायचा, ॲपवर चालवायचा की नाक्यावर उभा करायचा?

छोटा हत्ती घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात हाच प्रश्न घेऊन येतो. आणि येतो तो दर विचारत: कोण जास्त देतं? मी दराआधी दुसरंच विचारतो. रिकाम्या फेरीचा आणि वेटिंगचा भुर्दंड कोण सोसणार? मुंबईत धंदा तिथेच बसतो किंवा उठतो.

पोर्टरसारख्या मालवाहतुकीच्या ॲपवर कागदपत्रं पास झाली की काम सुरू. ओळखपाळख लागत नाही, पैसा लवकर हातात येतो. नव्या माणसाला साकीनाक्याचे गाळे, मसजिद बंदरच्या गल्ल्या, कुठल्या गेटला वॉचमन आत सोडत नाही, हे सगळं फुकटात शिकायला मिळतं. पण भाडं मिळतं ते माल चढला तिथपासून उतरला तिथपर्यंतचं. आपलं शहर उभं लांबलचक. संध्याकाळी काळबादेवीहून मीरा रोडचं भाडं घेतलंत, तर रात्री दहिसरपलीकडे रिकामी गाडी घेऊन परतीच्या भाड्याची वाट बघत बसता. म्हणून कमिशन कापून आलेल्या पैशाला रिकाम्या फेरीसकट किलोमीटरने भागा. खरा दर तो. इथला करार म्हणजे नोंदणीच्या वेळी न वाचता दाबलेलं ‘मान्य’चं बटण. बोनसचे नियम बदलले की तुमचा महिना बदलतो, आणि आयडी बंद पडला तर भांडायला समोर माणूसच नसतो.

मंथली लावणं ऐकायला सोपं: ठरलेली रक्कम, ठरलेलं गोदाम. समजा, भिवंडीजवळच्या मानकोलीच्या गोदामाने ३८ हजार सांगितले. २६ दिवस, रोज १२ तास, २,००० किलोमीटर, सीएनजी तुमचा. गाडी किलोला १५ किलोमीटर देते आणि गॅस ८० रुपये धरला, तर जवळपास १०,७०० गॅसमध्ये गेले. हप्ता १४ हजार. उरले १३,३००. वाईट नाही. आता विचारा, किलोमीटर कुठून मोजणार? गोदामाच्या गेटपासून मोजणार असतील आणि तुम्ही विक्रोळीला राहत असाल, तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर तुमच्या खिशातून. महिन्याला १,३००, म्हणजे आणखी साधारण ६,९०० रुपयांचा गॅस. हातात ६,४०० राहिले, त्यातून विमा, टायर, सर्व्हिसिंग. तीच गाडी भिवंडीत किंवा कल्हेरला राहणाऱ्याची असेल तर तोच करार त्याला परवडतो.

बाकीच्या अटीही अशाच बारीक असतात. बाराव्या तासानंतर काय? गाडी गॅरेजला गेली तर पगार कापणार, की बदली गाडी तुम्हीच द्यायची? टोल, पार्किंग, नो-पार्किंगचं चलन कोणाचं? माल कमी भरला किंवा फुटला तर कापणार कुठवर? गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही, तेव्हा ही मर्यादा आकड्यात लिहून घ्या. हमालीबद्दल वाहतूकवाल्यांची जुनी घोषणा आहे, ‘जिसका माल, उसका हमाल’. तीही करारात उतरली तरच कामाची. आणि ‘आमच्याशिवाय दुसरीकडे गाडी चालवायची नाही’ ही ओळ दिसली तर खोडायला सांगा. आठ तासांचा करार आणि संध्याकाळी ॲप, असं जमलं तर दोन्हीकडून फायदा.

गाडी कंपनीकडे थेट लागतेय की मधल्या व्हेंडरकडून, हेही बघा. एका व्हेंडरकडे माझी गाडी होती. पहिला महिना वेळेवर. दुसऱ्याला ‘बिल पास व्हायचंय’. तिसऱ्याला फोन उचलेना. पुरावा म्हणून माझ्याकडे काय, तर व्हॉट्सॲपवरचा रेटचा एक मेसेज. त्यानंतर मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून घेतली. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण नोंदणी कामाआधीची हवी, पैसे अडकल्यावर केलेली उपयोगाची नाही. दुसरं, दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असणाऱ्याने पॅनसह लेखी घोषणापत्र दिलं तर भाड्यावर टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा आयकर, कापत नाहीत. अनेक जण हा कागद देतच नाहीत आणि मग परताव्याची वाट बघत बसतात.

नाक्याचं गणित जुनं. तिथे नंबर असतो, जुन्यांचा मान असतो, आणि नव्याला दोन-तीन महिने चहाच जास्त मिळतो. दलाल आपला हिस्सा आधी काढतो. पण भाडं तोंडी ठरतं, वेटिंग लगेच मागता येतं आणि पैसे माल उतरताच मिळतात. इथूनच थेट गिऱ्हाईक लागतं: केटरर, मंडपवाला, लोअर परळचा प्रेस. माझी अशी चार गिऱ्हाईकं आहेत आणि निम्मा महिना त्यांच्यावर निघतो. त्यासाठी लागलं काय, तर छापील पावतीपुस्तक आणि वेळेवर उचललेला फोन.

कागदपत्रांचं थोडक्यात. पिवळी नंबरप्लेट हवीच. खासगी नोंदणीच्या ईको व्हॅनमध्ये भाड्याचा माल घालू नका. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही, फिटनेस सर्टिफिकेट मात्र लागतं.

हप्ता जड आणि घर ठाण्यापलीकडे असेल तर मंथली लावा, पण अटी लिहून घेऊन. नवखे असाल तर सहा महिने ॲप चालवा आणि दिवसा दोन तास नाक्यावर घाला. गाडीचं कर्ज फिटलं असेल तर मात्र मंथलीच्या वाटेला जाऊ नका. गणपतीच्या तोंडावर पेणहून मूर्तींच्या फेऱ्या निघतात, तेव्हा तुमची गाडी गोदामाच्या गेटवर अडकलेली असायला नको.