संघटनेची २०२६ ची डायरी: कागद छान, नियम बरोबर, पण माझा नंबर कोणाला विचारून छापला?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कर्मचारी संघटनेची यंदाची डायरी हातात आली. किंमत दीडशे रुपये. नोकरीला लागल्यापासून दर वर्षी घेते, आणि आमच्या फोर्टातल्या ऑफिसात माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत ज्यांना ही डायरी पर्समध्ये नसली की काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. संघटनेचं नाव लिहीत नाहीये, कारण मी सभासद आहे आणि राहणार आहे, माझी तक्रार डायरीच्या एका भागाबद्दल आहे. तीन महिने वापरून मगच लिहितेय.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. कागद गेल्या वर्षीपेक्षा जाड आहे, जेल पेनची शाई मागे उमटत नाही. बाइंडिंग शिवलेलं आहे, नुसतं चिकटवलेलं नाही, त्यामुळे गाडीत उभ्याने एका हातात उघडी धरता येते. सुट्ट्यांची यादी पहिल्याच पानावर, यंदा ज्येष्ठ अधिक आलाय म्हणून गणपती १४ सप्टेंबरला आणि दिवाळी नोव्हेंबरात गेलीय ते लगेच दिसतं. पे मॅट्रिक्सचा, म्हणजे पगाराच्या टप्प्यांचा, तक्ता वाचता येईल एवढ्या टायपात आहे. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे रजेची पानं. राज्य सरकारचे १९८१ चे रजा नियम सोप्या भाषेत आठ पानांत बसवलेत, नैमित्तिक किती, अर्जित कशी साठते, बालसंगोपन रजा १८० दिवसांची कोणाला आणि कशी मिळते, सगळं. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीला बालसंगोपन रजा असते हेच माहीत नव्हतं, तिने ते पान उघडून अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलं आणि अर्ज पुढे गेला. दीडशे रुपये तिथेच वसूल.

आता पान १९२.

दर वर्षी शेवटी पदाधिकाऱ्यांचे आणि शाखा प्रतिनिधींचे नंबर असायचे, दोन पानं, बस. यंदा तिथे पन्नासेक पानांची "सभासद सूची" आहे, ऑफिसवार, आणि त्यात प्रत्येकाचं नाव, पद, मोबाइल, घरचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख आणि रक्तगट. रक्तगट चांगल्या हेतूने टाकलाय हे मला कळतं, कोणाला अडचणीत रक्त लागलं तर पटकन माणूस मिळावा. पण मी स्वतःचं नाव शोधलं तर भांडुपच्या आमच्या बिल्डिंगचा विंग आणि खोली नंबरसकट पत्ता, आणि तो मोबाइल नंबर जो मी बाहेर कोणाला देत नाही, पगाराचे मेसेज यावेत म्हणून फक्त ऑफिसला दिलेला. संघटनेच्या फॉर्मवर मी दुसरा नंबर दिला होता. मग हा आला कुठून?

विचारपूस केल्यावर कळलं. आस्थापना शाखेतून, म्हणजे जिथे कर्मचाऱ्यांच्या नोंदी असतात तिथून, पगाराच्या यादीची एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर गेली, आपलीच माणसं मागतायत म्हणून दिली, आणि ती जशीच्या तशी प्रेसला पाठवली. म्हणूनच सूचीत असेही लोक आहेत जे संघटनेचे सभासदच नाहीत. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी कधीच वर्गणी भरली नाही, त्यांना संघटना पटत नाही, तो त्यांचा हक्क आहे, त्यांचंही नाव पत्ता जन्मतारखेसकट "सभासद" म्हणून छापलंय.

फेब्रुवारीपासून फोन सुरू झाले. पर्सनल लोन, विमा, पनवेलकडचे प्लॉट, आणि सगळे मला पदासकट ओळखत होते, "वरिष्ठ लिपिक मॅडम ना?" असं विचारून सुरुवात. एका मुलाला मी नीट विचारलं की बाबा नंबर कुठे मिळाला, तर तो सरळ म्हणाला मॅडम तुमच्या डायरीची झेरॉक्स आहे आमच्याकडे. पूर्ण सेट. आणि हे होणारच ना, हजारो प्रती वाटल्यावर ती डायरी कोणाकोणाच्या हातात जाईल यावर कोणाचाही ताबा राहत नाही. डिसेंबर संपला की जुन्या डायऱ्या किलोवर रद्दीत जातात, आणि मुंबईत रद्दीचा कागद शेवटी चण्याच्या पुडीला लागतो. माझा पत्ता असलेला कागद कोणाच्या तरी हातात सीएसएमटीच्या बाहेर.

हे सगळं मी फोन ब्लॉक करून सोडून दिलं असतं. पण आमच्यातली एक जण आहे, नाव नाही आणि ऑफिसही सांगणार नाही, तिने काही वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडलं आणि नवीन पत्ता मोजक्या लोकांना माहीत होता. ऑफिसला देणं भाग होतं म्हणून दिलेला. मार्चमध्ये त्याचा फोन आला, आता कळलं कुठे राहतेस ते. एवढंच बोलला आणि ठेवला. तिने आठ दिवस मुलीला शाळेत स्वतः सोडलं आणि आणलं, रजा टाकून. त्याला पत्ता डायरीतूनच मिळाला असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण त्या नवीन पत्त्याची छापील नोंद दुसरी कुठेही नव्हती.

आता कोणी म्हणेल मग संघटनेला नंबर देऊच नका. नाही, हे मला अजिबात मान्य नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, १४ तारखेला सुरू झाला आणि २० ला मागे घेतला, त्या दिवसांत उद्या काय करायचं, कुठे जमायचं, बोलणी कुठवर आलीत, हे सगळं फोनवरच कळत होतं. ऑफिसच्या ईमेलवर असलं काही पाठवणार कसं, तो ईमेल तर ऑफिसचाच. कोविडमध्ये आमच्या एका शिपाईकाकांना बेड मिळवून दिला तो संघटनेच्या माणसांनी, रात्री दोन वाजता, कारण त्यांच्याकडे काकांच्या मुलाचा नंबर होता. प्रशासनाकडे आमची सगळी माहिती असते, ते कधीही घरी पत्र पाठवू शकतात, फोन करू शकतात. मग आमच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे आमच्यापर्यंत पोचायचा रस्ताच नसेल तर ती बरोबरीची बोलणी राहत नाहीत.

मी नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात एलएलबी करतेय, त्यामुळे हे प्रकरण झाल्यावर वाचायला बसले, आणि बघितलं तर नेमका हाच प्रश्न बाहेरच्या देशांत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय.

अमेरिकेत १९९४ ला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनांनी घरचे पत्ते मागितले, नावं आणि कामाची ठिकाणं आधीच मिळाली होती, संरक्षण खात्याने पत्ते द्यायला नकार दिला. सुप्रीम कोर्टाने एकमताने खात्याच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टमधून सुटायला माहिती अधिकाराच्या कायद्याची वाट होती, पण तो कायदा सरकार कसं चालतं ते लोकांना कळावं म्हणून आहे, आणि एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरच्या पत्त्यावरून त्याबद्दल काहीच कळत नाही, असं कोर्टाने धरलं.

कॅनडात २०१४ ला बरोबर उलटा निकाल. तिथल्या रेव्हेन्यू एजन्सीतल्या एका बाईने युनियनचं सभासदत्व घेतलंच नव्हतं, तरी सगळ्यांच्या वतीने बोलणी तीच युनियन करत होती, आणि माझा घरचा नंबर पत्ता त्यांना देऊ नका म्हणून ती शेवटपर्यंत लढली. कोर्टाने सांगितलं की जी युनियन सभासद असो नसो सगळ्यांचं प्रतिनिधित्व करायला कायद्याने बांधलेली आहे तिला सगळ्यांपर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि ऑफिसच्या ईमेलवर ते नीट होत नाही. बाई हरली. पण मला त्या निकालापेक्षा महत्त्वाच्या वाटल्या त्या अटी ज्यांवर ही माहिती द्यायची ठरलं होतं: दर तीन महिन्यांनी यादी द्यायची पण पासवर्ड लावून किंवा एन्क्रिप्ट करून, वापर फक्त युनियनच्या कायदेशीर कामासाठी, बाहेर कोणाला द्यायची नाही, नवीन यादी आली की जुनी नष्ट करायची, आणि पहिल्यांदा देण्याआधी कर्मचाऱ्यांना तसं कळवायचं. यातली एकही अट डायरी छापून पाळता येत नाही.

कॅलिफोर्नियातही २०१३ ला लॉस एंजेलिस काउंटीच्या कर्मचाऱ्यांबद्दल तिथल्या सुप्रीम कोर्टाने युनियनच्या बाजूने निकाल दिला, पण आधी हे मान्य केलं की सभासद नसलेल्यांचाही घरच्या पत्त्यावर खासगीपणाचा हक्क आहे, आणि आपली माहिती देऊ नका असं सांगायची सोय करता येईल हेही म्हटलं.

आपल्याकडे २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ ला डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने आहेत. त्या कायद्यात मालकाला नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरता येते, पण डायरी छापणं हे नोकरीचं काम आहे असं कोणी मला पटवून दाखवावं. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. उद्या कोणी माहिती अधिकारात माझा घरचा पत्ता मागितला तर आमचंच ऑफिस कलम ८(१)(जे) लावून वैयक्तिक माहिती म्हणून नकार देणार, आणि बरोबरच करणार, २०२३ च्या त्याच कायद्याने ते कलम आता आणखी कडक झालंय. त्याच ऑफिसातून अख्खी फाइल पेनड्राइव्हवर जाते आणि कुठे एक नोंदही नाही.

मी संघटनेच्या ऑफिसात जाऊन सरचिटणीसांना भेटले. चिडून गेले होते पण त्यांनी चहा मागवला आणि पूर्ण ऐकून घेतलं हे सांगायला पाहिजे. ते म्हणाले, "ताई, बदल्या होतात, माणसं विखुरतात, सूची नसली तर एकमेकांना शोधणार कसे?" मी म्हटलं साहेब, तुमच्याकडे असू दे ना माझा नंबर, मी स्वतः देते, पण तुमच्याकडे असणं वेगळं आणि छापून दीडशे रुपयाला विकणं वेगळं. केंद्राच्या कर्मचारी संघटनांना १९९३ च्या नियमांप्रमाणे मान्यतेसाठी किमान ३५ टक्के सभासद दाखवावे लागतात आणि ते मोजतात पगारातून वर्गणी कापायला माणसाने होकार दिलाय का त्यावरून, मग वर्गणीला होकार लागतो तर घरच्या पत्त्याला का नको? यावर ते गप्प झाले. मग त्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, फॉर्म करून आणा, पुढच्या वर्षी त्यावरच सूची करू. उरलेल्या प्रतींतून ती पानं काढून विकायचं कबूल केलं, आणि गेल्या आठवड्यात मी बघितलं, खरंच काढलीयत.

म्हणून अजून घेतली नसेल तर आताची प्रत घ्या, पानं काढलेली, रजा नियमांसाठी तरी घ्याच, त्या प्रतीला पाचपैकी साडेचार. ज्यांच्याकडे जानेवारीची आहे त्यांनी १९२ पासूनची पानं फाडून बारीक तुकडे करून टाका, रद्दीत अख्खी देऊ नका. आणि तुमच्या शाखेतून अशी यादी गेली असेल तर आस्थापनेला लेखी विचारा, तोंडी नको, कोणाच्या आदेशाने गेली ते.

फॉर्म साधाच केलाय, एका पानाचा. संघटनेकडे कोणता नंबर असावा, डायरीत छापायचा का, छापायचा तर काय काय, रक्तगट चालेल का, खाली सही आणि तारीख, आणि कधीही मागे घेता येईल अशी एक ओळ. आमच्या शाखेत चौदा जणींनी भरला. नऊ जणींनी नंबर संघटनेकडे असू दे पण डायरीत नको यावर खूण केली, चौघींना सगळं छापलं तरी चालणार आहे, त्यांना तसं हवंच आहे. चौदावा फॉर्म त्या मैत्रिणीचा. तिने पत्त्याच्या जागी ऑफिसचा पत्ता लिहिला आणि मोबाइलच्या रकान्यात माझा नंबर, मला आधी विचारून.