मुरुमाच्या तीन वाटा: फ्रान्समध्ये मोटारविरहित ग्रॅव्हल सायकलिंगसाठी कोणता मार्ग निवडावा?

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हिरव्या वाटा, मुख्यतः दोन कुळांतून आल्या आहेत. काही जुन्या कालव्यांच्या काठाने, पूर्वी घोडे ज्या वाटेने नावा ओढत नेत त्या वाटेवरून जातात, तर काही बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर, रूळ उखडल्यानंतर उरलेल्या भरावावर तयार झाल्या आहेत. पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांनाच येथे मुभा असून मोटारींना व मोटारसायकलींना मज्जाव आहे. नाव डोंगर चढत नाही आणि आगगाडीलाही खडा चढ मानवत नाही, त्यामुळे रहदारीचा अभाव आणि बेताचा चढ या दोन्ही गोष्टी अशा वाटांवर बहुतेक ठिकाणी गृहीतच धरता येतात. म्हणूनच निवड करताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. खरा फरक चाकाखालच्या जमिनीत, डोक्यावरच्या सावलीत, वाऱ्याच्या दिशेत आणि शेवटच्या दिवशी रेल्वे स्थानक किती लांब आहे यात असतो.

या कसोट्यांवर येथे तीन मार्ग ताडून पाहिले आहेत: दक्षिणेचा कानाल द्यू मिदी, ब्रिटनीतील नाँत–ब्रेस्त कालवा आणि आर्देश जिल्ह्यातील ‘दोल्चे व्हिया’. बर्गंडीतील जिव्ह्री ते क्ल्युनी ही १९९७ साली खुली झालेली वाट फ्रान्समधील पहिली व्हुआ व्हेर्त म्हणून ओळखली जाते आणि लहान मुलांसह जाण्यास उत्तम आहे. परंतु ती डांबरी असल्याने ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन जाणाऱ्याने तिकडे वळण्याचे कारण नाही.

सर्वाधिक नाव कानाल द्यू मिदीचे आहे आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याच बाबतीत आहेत. प्येर-पॉल रिके यांच्या पुढाकाराने १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला हा सुमारे २४० किमीचा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत जातो आणि १९९६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. छायाचित्रांत दिसणारी दुतर्फा झाडांची कमान आणि तिच्याखालची सपाट वाट पाहून मनुष्य तिकीट काढतो. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंतची पहिली सुमारे ५० किमीची वाट डांबरी आणि गुळगुळीत असल्याने तो भ्रम टिकतोही. त्यापुढे औद जिल्हा लागला की वाटेचे रूप पालटते. काही पट्ट्यांत सुधारणा झाली आहे, तरी अनेक ठिकाणी वाट म्हणजे गवतातून गेलेली, एका चाकापुरती घासलेली मातीची रेघ असते. तिला दर काही हातांवर झाडांची मुळे आडवी येतात आणि मुळांमधल्या खोलगट जागेत पाऊस पडून गेल्यावर दोन दोन दिवस पाणी साचून राहते. डावीकडे झाड, उजवीकडे पाणी आणि समोरून दुसरी सायकल, अशा वेळी कोणीतरी उतरावेच लागते. ४० मिमीपेक्षा अरुंद टायर घेऊन येथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावलीचेही तसेच आहे. कालव्याकाठी प्लेनची सुमारे ४२,००० झाडे होती. काश्मीरचा चिनार तो यांचाच भाऊबंद. २००६ साली त्यांच्यावर एका बुरशीजन्य रोगाची लागण आढळली. या रोगावर इलाज नसल्याने बाधित झाडे तोडून जाळावी लागतात, आणि अशा रीतीने निम्म्याहून अधिक झाडे गेली आहेत. त्यांच्या जागी नव्या जातींची रोपे लावली जात असली तरी त्यांची सावली पडायला अजून बराच काळ जाईल. जुलै-ऑगस्टमध्ये या उघड्या पट्ट्यांतून दुपारी सायकल चालवणे हे विदर्भातील मे महिन्याची सवय असलेल्यांनीच करावे. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर हा काळ योग्य होय.

मग या मार्गावर जावेच कशाला? कालव्याचे बांधकाम पाहण्यासाठी. दोन दरवाजांमध्ये पाणी भरून-सोडून नावांना पायरीपायरीने वर-खाली नेणारी येथील लॉक मातीचा दाब पेलण्यासाठी मुद्दाम लंबगोल बांधलेली आहेत. लॉकच्या रखवालदाराच्या घरावर मागच्या व पुढच्या लॉकचे अंतर मीटरमध्ये लिहिलेली पाटी असते. आणि नोरूझच्या १८९ मीटर उंचीच्या माथ्यावर पाणी दोन समुद्रांकडे कसे वाटले जाते ते प्रत्यक्ष दिसते. ज्याला यात रस आहे, त्याने मुळांचे धक्के खुशाल सोसावेत. ज्याला केवळ सायकल चालवायची आहे, त्याच्यासाठी हा मार्ग नाही.

नाँत–ब्रेस्त कालव्याची कीर्ती त्या मानाने कमी, पण वाट कितीतरी सरस आहे. इंग्रज आरमाराने समुद्राची वाट अडवल्यामुळे ब्रेस्तच्या गोदीला आतून रसद पोहोचावी, या हेतूने नेपोलियनच्या काळात, १८११ साली, हे काम सुरू झाले आणि १८४२ मध्ये संपले. लांबी ३६४ किमी आणि लॉक २३८. ग्लोमेलजवळचा माथ्यावरचा खोल चर कैद्यांकडून खोदून घेतला होता. काठाची वाट जवळजवळ संपूर्ण दाबलेल्या बारीक मुरुमाची, दोन सायकली शेजारी चालतील एवढी रुंद आहे आणि ३५ ते ३८ मिमीचे टायर तिला पुरतात. रोआँ ते पोंतिव्ही या भागात मात्र एकामागून एक ५४ लॉक येतात. प्रत्येक लॉकपाशी दोन-तीन मीटरचा छोटा, पण तिखट चढ असतो, आणि लय धरली की मोडते.

येथील खरी अडचण पाऊस ही आहे. वाटेवरची भिजलेली बारीक कच चाकांनी उडून साखळीवर बसते आणि वाळली की पॉलिश पेपर घासल्यासारखी करकरते. मडगार्ड, साखळीचे तेल आणि एक जुने फडके बरोबर असावे. पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याशी सायकल धुणाऱ्यांना हे नवे नाही.

या मार्गात एक खंड आहे, तो आधी समजून घ्यावा. १९३० साली पूर्ण झालेल्या गेर्लेदाँ धरणाने कालवा मध्येच तोडला आणि काही लॉक पाण्याखाली गेले. २०१५ मध्ये तपासणीसाठी जलाशय रिकामा केला तेव्हा ते पुन्हा दिसले, जसे उजनीचे पाणी ओसरल्यावर पळसदेवचे देऊळ दिसते. सायकलस्वाराचे यात नुकसान होत नाही, कारण म्यूर-द-ब्रतान्य ते कारे यांदरम्यान १९६७ साली बंद झालेल्या मीटर गेज रेल्वेमार्गाची हिरवी वाट उपलब्ध आहे. दुसरे असे की, नावात ब्रेस्त असले तरी काठाची वाट शातोलँच्या पुढे थोड्याच अंतरावर संपते. तेथून ब्रेस्त गाठायचे तर रस्त्यावर उतरावे लागते. शातोलँला रेल्वे स्थानक आहे, तेव्हा प्रवास तेथूनच सुरू करावा. पश्चिमेचा वारा पाठीशी राहतो हा त्यातला आणखी एक लाभ.

दोल्चे व्हिया ही सुमारे ९० किमीची वाट म्हणजे १९६८ मध्ये बंद झालेला मीटर गेज रेल्वेमार्ग. मराठवाड्यात एके काळी धावणाऱ्या गाड्यांच्याच मापाचा. ऱ्होन नदीकाठच्या ला व्हूल्तपासून एर्यू नदीच्या खोऱ्यातून ती ल शेलारला जाते आणि तेथे दोन फाटे फुटतात: एक लामास्त्रला, दुसरा सँ-आग्रेव्हला. पहिल्या सुमारे ५० किमीत सव्वातीनशे मीटरच चढायचे असतात. सँ-आग्रेव्हचा फाटा मात्र पुढच्या पंचवीसेक किमीत आणखी सहाशे मीटर चढून साधारण १,०५० मीटरवर पोहोचतो. चढ कुठेही अंगावर येत नाही, पण संपतही नाही. बोगदे, दगडी पूल, डोंगर उतारावरच्या जुन्या ताली आणि खाली डुंबता येईल अशी नदी, हे सर्व तीन दिवसांत पाहून होते. चेस्टनटची बने ऑक्टोबरमध्ये सुंदर दिसतात. पण त्याच सुमारास या डोंगरांत धुवाधार पाऊस कोसळतो, म्हणून सप्टेंबरचा पूर्वार्ध अधिक भरवशाचा. हाच साचा, थोडा सौम्य, हवा असल्यास माझामे ते बेदार्यू ही जुनी रेल्वेवाट आहे; तिच्या दोन्ही टोकांना आजही गाडी जाते.

शाकाहारी प्रवाशासाठी ब्रिटनी सोपी आहे. कुट्टूच्या पिठाचे गालेत, म्हणजे तेथील धिरडे, हॅम न घालता चीज, अंडे किंवा मश्रूम घालून मागता येते. आर्देशमध्ये शेळीच्या दुधाचे पिकोदों चीज, पाव आणि चेस्टनटचा गोड मुरांबा यांवर दुपार निघते. कास्तेलनोदारीचा अभिमान असलेल्या कासुलेत घेवडा असला तरी बदक आणि डुकराचे मांस असतेच, हे लक्षात ठेवावे. तिन्ही ठिकाणी गावातील दुकाने दुपारी बंद होतात आणि रविवार-सोमवार तर भरवसाच नसतो. पाण्यासाठी फ्रेंच सायकलस्वार गावाबाहेरच्या स्मशानभूमीतला नळ गाठतात. आपल्या मनाला ते प्रथम रुचत नाही, पण पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही एवढे पाहिले म्हणजे झाले.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, हाती आठवडा असल्यास, ब्रिटनी निवडावी. तीन-चार दिवसच असतील आणि डोंगर हवा असेल तर दोल्चे व्हिया. या दुसऱ्या पर्यायात ला व्हूल्तला प्रवासी गाडी नाही. व्हालाँसहून ऱ्होनकाठच्या सायकलमार्गाने यावे, किंवा नदीपलीकडच्या लिव्ह्रों स्थानकावर उतरावे. तेज गाडीत अखंड सायकलीसाठी आरक्षण लागते आणि जागा मोजक्याच असतात, त्यामुळे तारखा ठरवण्याआधी ती जागा पाहावी आणि मगच मुक्कामाची खोली नोंदवावी.