गच्चीवर माल किती लिटर गेला ते मोजा: वॉटरप्रूफिंगमध्ये झालेली फसवणूक

मे महिन्यात गच्चीवर कुरडयांचं वाळवण घातलं होतं. संध्याकाळी प्लॅस्टिकचा कागद उचलला, तर त्याच्या खालच्या अंगाला पिठासारखी पांढरी पूड चिकटलेली. गच्चीवर बोट फिरवलं, बोट पांढरं. वॉटरप्रूफिंगचं कोटिंग मारून जेमतेम बारा दिवस झाले होते.

चांगलं कोटिंग सुकल्यावर हाताला लागत नाही. त्यात भुकटीला बांधून ठेवणारं रेझिन पुरेसं असतं. पूड सुटते तेव्हा एक तर माल हलका असतो, नाही तर त्यात भरमसाट पाणी ओतलेलं असतं. आमच्या गच्चीवर दुसरा प्रकार झाला होता. घरातली लहानमोठी कामं आम्ही दोघं एरवी हातानेच करतो. हे काम मात्र पावसाच्या आत उरकावं म्हणून बाहेर दिलं, आणि तिथेच नाडले गेलो. फसवणूक नेमकी कुठे झाली आणि ती आधी कशी पकडता आली असती, ते आकड्यांसकट लिहीत आहोत, म्हणजे मृगाच्या तोंडावर घाईत असलेल्यांच्या उपयोगी पडेल.

वॉटरप्रूफिंग स्वस्तात करून देतो म्हणणारी माणसं मेच्या मध्यावर फिरू लागतात. वळवाची एखादी सर पडून गेलेली असते, छताला ओल दिसलेली असते आणि पाऊस तीन आठवड्यांवर आलेला असतो. बोलणं ठरलेलं: "शेजारच्या गल्लीत काम चालू आहे, माल उरलाय, माणसं इथेच आहेत, म्हणून स्वस्तात करून देतो." दर चौरस फुटाला ३५ रुपये, दोन हात मारणार, दहा वर्षांची गॅरंटी. या बोलण्यात माल किती लागणार हे कुठेच येत नाही. आम्हीही विचारलं नाही, आणि सगळी फसवणूक त्या एका न विचारलेल्या प्रश्नात होती.

आधी मापाचं बघा. आमची गच्ची २० बाय २५, म्हणजे ५०० चौरस फूट. कोटिंग कठड्यावर साधारण फूटभर चढवायचं असतं. चारी बाजू मिळून ९० फूट लांबी, म्हणजे आणखी ९० चौरस फूट. एकूण ५९०. बिल आलं ७७० फुटांचं, कारण कठडा पूर्ण ३ फूट उंच धरला होता. प्रत्यक्षात ब्रश फूटभराच्या वर गेलाच नव्हता. १८० फुटांचे ६,३०० रुपये निव्वळ टेप धरण्यात गेले. टेप आपण धरावी, वहीत आकडे लिहावेत आणि कठड्यावर किती उंचीपर्यंत माल चढणार तिथे पेन्सिलची रेघ मारून घ्यावी.

आता मालाचा हिशेब. एका चौरस मीटरवर एक लिटर पातळ पदार्थ सारखा पसरला, तर त्याची जाडी बरोबर एक मिलीमीटर होते. पाऊसही याच हिशेबाने मोजतात, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं आहे. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा साधारण निम्मा भाग सुकताना उडून जातो आणि खाली अर्धा मिलीमीटर थर राहतो. आमच्या बादलीवर दोन हातांसाठी चौरस मीटरला एक लिटर असं छापलेलं होतं. ५९० चौरस फूट म्हणजे जवळपास ५५ चौरस मीटर, म्हणजे ५५ लिटर माल, २० लिटरच्या तीन बादल्या. गच्चीवर आली एकच बादली. उरलेलं टाकीचं पाणी. २० लिटर माल ५५ चौरस मीटरवर पसरला की सुकल्यावर ०.२ मिलीमीटरसुद्धा भरत नाही. ब्लेडने एक इंचाचा चौकोन कापून व्हर्नियरमध्ये धरला तेव्हा जाडी तेवढीच निघाली. रंग मात्र सगळीकडे पांढराशुभ्र आणि एकसारखा. डोळ्यांना ०.२ आणि ०.५ यांतला फरक अजिबात कळत नाही. ही लबाडी खपते ती त्यामुळेच.

"दोन हात मारले की नाही, तुमच्यासमोर मारले," हे वाक्य पुढे भांडणात येतं. ते खोटंही नसतं. तेवढ्याच मालात पाणी घालून चार हात मारले तरी थर वाढत नाही. त्यामुळे करारात हातांच्या जोडीने लिटर लिहून घ्यायचे: कोणत्या कंपनीचा कोणता माल, किती लिटर, बादल्या किती, त्यांचे बॅच नंबर काय. काम संपल्यावर रिकाम्या बादल्या आपल्याकडे ठेवायच्या, भंगारात विकायलाही काम करणाऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत. नावाजलेल्या कंपन्यांच्या रिकाम्या बादल्यांत हलका प्रायमर भरून आणण्याचा धंदाही चालतो. झाकणाचं सील आपल्यासमोर फोडलं जावं. कडेची पट्टी आधीच तुटलेली असेल किंवा झाकणावर टोचल्याच्या खुणा असतील, तर ती बादली परत. माल दुकानातून आपण स्वतः, पक्क्या बिलावर आणून देणं सगळ्यांत चांगलं. मजुरीचा दर मग वेगळा ठरतो आणि पाणी घालण्यातला त्याचा फायदाच संपतो.

माल खरा आहे का, हे घरी बघता येतं. कुरडयांचा असतो तसा प्लॅस्टिकचा कागद घ्या, त्यावर बादलीतला माल न पातळ करता वीतभर जागेत दाट पसरा आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. खरं इलास्टोमेरिक कोटिंग रबरासारखं सुटून येतं, ताणलं की लांबतं, सोडलं की मागे येतं. नुसता प्रायमर किंवा चुनखडी भरलेला माल ताणताच तुटतो, किंवा हातातच चुरा होतो. दुसरी परीक्षा वजनाची. एक लिटरचं माप भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. न पातळ केलेला माल साधारण १.२ ते १.४ किलो भरतो. काम चालू असताना रोलर बुडवायच्या ट्रेमधून एक माप भरून तोलावं आणि ताज्या बादलीतल्या मापाशी ताडून पाहावं. फरक दिसला की पाणी किती घातलंय ते कळतं. प्रायमर म्हणून दोन हातांच्या आधी एक पातळ हात मारायचा असतो, त्यात पाणी चालतं, किती ते बादलीवर लिहिलेलं असतं. पुढच्या हातांत घालायचं नसतं.

दुसरा हात खरंच सगळीकडे लागला का, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे पहिला हात राखाडी आणि दुसरा पांढरा मागायचा. राखाडी जिथून डोकावेल तिथे दुसरा हात पोचलेला नाही. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही.

गॅरंटीच्या कागदाबद्दल एवढंच सांगतो की त्यातली बारीक अक्षरं पैसे देण्याआधी वाचा. आमच्या स्टॅम्प पेपरवर "स्लॅबच्या दोषामुळे होणारी गळती वगळून" असं होतं. छत गळलं की तो दोष स्लॅबचाच ठरवायचा, अशी त्यात सोय होती. मालाचं नाव नाही, लिटर नाहीत, कोटिंगची जाडी नाही. कंपनीची म्हणून वॉरंटी दाखवली जाते तेव्हा कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून तो माणूस त्यांचा अधिकृत अ‍ॅप्लिकेटर आहे का ते विचारावं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहावा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि एकूण १५ अक्षरांचा असतो. आमच्या बिलावरच्या क्रमांकात १४ अक्षरं होती, हे आम्ही फार उशिरा मोजलं.

पाणी कोंडून बघण्याची चाचणी ही शेवटची संधी, आणि ती टाळण्याकडे अशा माणसांचा कल असतो. "मे महिन्यात हजार लिटर पाणी कशाला वाया घालवता" हे कारण पटतंही. आमच्याकडे त्याने संध्याकाळी पाणी भरलं आणि दीड तासात सोडून दिलं. दीड तासात काहीच कळत नाही. किमान ४८ तास पाणी राहायला हवं, कारण भेगेतून शिरलेलं पाणी कोब्यातून सरकत सरकत भलतीकडेच खाली उतरतं. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडात वाळू भरलेली कापडी पिशवी घट्ट बसवून वरून चिकणमाती दाबायची. गच्चीला १०० ला १ असा उतार असेल, तर २५ फुटांत ३ इंचांचा फरक पडतो. वरच्या टोकाला एक इंच पाणी आणायचं म्हटलं तर खाली ४ इंच साचेल आणि स्लॅबवर विनाकारण भार येईल. म्हणून मातीचे छोटे बांध घालून गच्चीचे दोन-तीन भाग करावेत आणि एकेक भाग तपासावा. तेच पाणी पुढच्या भागात सोडता येतं. कठड्यावर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा आणि शेजारी एका परातीत पाणी भरून त्याच्याही पातळीची खूण करून ठेवा. मेच्या उन्हात दिवसाला १० मिलीमीटरच्या आसपास पाणी नुसतं वाफ होऊन जातं. परातीपेक्षा गच्चीवरची पातळी जास्त उतरली, तर पाणी कुठेतरी मुरतंय. चाचणी कोटिंग मारल्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नये, थर पक्का व्हायला आठवडाभर द्यावा. शेवटचा हप्ता चाचणी झाल्याशिवाय द्यायचा नाही. आम्ही ६० टक्के आगाऊ आणि उरलेले त्याच संध्याकाळी दिले होते, ही आमची सगळ्यांत मोठी चूक.

पैशांपेक्षा जास्त त्रास पुढे होतो. पूड सुटणाऱ्या थरावर नवं कोटिंग धरत नाही, पहिल्याच पावसात पोपडे निघतात. म्हणजे आधी वाईट काम खरवडून काढायचं. आम्हाला पट्टीने आणि तारेच्या ब्रशने गच्ची साफ करायला चार दिवस लागले. मग धुऊन दोन दिवस वाळवली. त्याखाली जे दिसलं त्याने राग अनावर झाला: भेगा तशाच होत्या, त्यांच्यावरून नुसता रोलर फिरवला होता.

भेग छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी ५-६ मिलीमीटर रुंद आणि तेवढीच खोल उघडावी लागते. आतली धूळ ब्रशने काढून, ओलसर करून, पॉलिमर घातलेला मसाला दाबून भरायचा. सिमेंट १, बारीक वाळू ३, आणि सिमेंटच्या वजनाच्या १० टक्के एसबीआर लॅटेक्स (मसाल्यात मिसळायचं कृत्रिम रबराचं पातळ द्रावण), म्हणजे ५० किलोच्या गोणीला ५ लिटर. आम्हाला १० किलो सिमेंट आणि १ लिटर एसबीआर पुरलं. एसबीआर दुधासारखं पांढरं असतं आणि त्यातही पाणी घालून विकतात, तेव्हा सीलबंद कॅनच घ्या. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो काटकोन सगळ्यांत नाजूक. तिथे याच मसाल्याचा दोन इंची वाटा मारायचा, म्हणजे कोपरा गोल होतो आणि पाणी थांबत नाही. पाइपाच्या तोंडाभोवतीचा सुटलेला मसाला काढून पुन्हा भरायचा. आमची खरी गळती तिथेच होती. खाली ओल दिसत होती त्या जागेपासून सात फूट लांब.

मसाला एक दिवस ओला ठेवून नंतर वाळू द्यायचा. मग पातळ प्रायमर, त्यावर पहिला हात, आणि तो ओला असतानाच भेगा, वाटा व पाइपाचं तोंड यांवर ६ इंच रुंद फायबरची जाळी दाबून बसवायची. दुसरा हात पहिल्याला आडवा. पहिला उत्तर-दक्षिण मारला असेल तर दुसरा पूर्व-पश्चिम, आणि मधे बादलीवर दिलेला वेळ, आमच्या मालाला ४ ते ६ तास. दुपारी हे काम करू नका. तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच वाळते, आतलं पाणी अडकतं आणि फोड येतात. गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नसेल तर कोटिंग मारायचं नाही. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच वेळ मिळतो. दोघांना तीन दिवस लागले. तीन बादल्या, जाळी, एसबीआर आणि सिमेंट मिळून साडेअठरा हजार खर्च आला. आधीचे २६,९५० रुपये वेगळे.

फसवणूक झालीच असेल तर कोटिंग खरवडण्याआधी पुरावा जमवा. फूटपट्टी ठेवून भेगांचे फोटो, कापलेला तुकडा पाकिटात, रिकामी बादली, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो, आणि कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा आणि पोच जपून ठेवा.

आणि जून लागून गेला असेल, छत गळत असेल, आणि कोणी "पावसातही लागतं असं केमिकल आहे" म्हणत दारात आला, तर पैसे देऊ नका. अ‍ॅक्रिलिक कोटिंग सुकायच्या आत सर आली की ते दुधासारखं पाइपातून वाहून जातं. चार महिने पाइपाचं तोंड दर आठवड्याला साफ ठेवा. भेगेवर जाड ताडपत्री चारी बाजूंना दोन-दोन फूट जास्त घेऊन अंथरा आणि कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. खिळे ठोकू नका, प्रत्येक खिळा म्हणजे नवं भोक. ओल कुठे उमटते ते छतावर पेन्सिलने तारखेसकट आखून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात गच्ची कडकडीत वाळते, तेव्हा त्या खुणा घेऊन वर जायचं आणि काम सुरू करायचं.