वटवाघळाच्या वारेचा अभ्यास: साधा सूक्ष्मदर्शक की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक?

गर्भारपणात वटवाघळाची वार कशी बदलत जाते हा विषय प्रबंधाला घेणाऱ्याला आधी पद्धत ठरवावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात पॅराफिनपासूनच करा, म्हणजे ऊती मेणात बसवून त्यांचे पातळ काप साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

टॅडारिडा ब्राझिलिएन्सिस या वटवाघळाचंच बघा. आधी वार गर्भाशयाच्या आत पसरलेली असते आणि तिच्यात आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर शाबूत असतं. पुढे चकतीसारखी दुसरी वार तयार होते. तिच्यात हे अस्तर उरत नाही, आईचं रक्त थेट ट्रोफोब्लास्टला, म्हणजे गर्भाकडच्या बाहेरच्या पेशीथराला, भिडतं. हा बदल समजायला अख्खं गर्भाशय नजरेखाली हवं. पाच-सहा मायक्रॉनचे सलग काप काढले की चकती कुठे रुजली, पीतक पिशवी (गर्भाला जोडलेली योक सॅक) कुठे सरकली, सगळं सापडतं. ही पिशवी माणसात लवकरच निकामी होते. अनेक वटवाघळांत मात्र ती आक्रसून, ग्रंथीसारखी जाड होऊन शेवटपर्यंत टिकते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

पण आईचं आणि गर्भाचं रक्त वेगळं ठेवणाऱ्या पडद्यात नेमके थर किती, हे विचारलं की साधा सूक्ष्मदर्शक अडतो. ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळच्या दोन रेषा त्याला वेगळ्या दिसत नाहीत. मेंढीच्या वारेत गर्भाशयाचं आतलं अस्तर नष्ट होतं, असं याच सूक्ष्मदर्शकाच्या भरवशावर वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते चूक ठरवलं. मायोटिस ल्युसिफ्युगस या वटवाघळाच्या पक्व वारेत आईचं रक्त आणि गर्भाच्या केशवाहिन्या यांच्यामध्ये ट्रोफोब्लास्टचे दोन थर असतात, हेही एंडर्स आणि विम्सॅट या संशोधकांनी १९६८ साली त्यानेच दाखवलं. मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. तुकडा वारेच्या कडेचा की मधला हे माहीत नसेल, तर सुंदर छायाचित्रही निरुपयोगी.

जुन्या संग्रहातले फॉर्मॅलिनमधले नमुने मिळत असतील तर निवड आपोआप होते: पॅराफिन. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती ताज्या असतानाच ग्लुटराल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या रसायनात जायला हव्यात. बहुतेक जातींत मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, म्हणजे प्रत्येक टप्प्यामागे एक गर्भार मादी जाते. तेव्हा संग्रह आधी धुंडाळाच.

गर्भाचं वय तारखेवरून मोजू नका. काही जातींत गर्भ रुजणं किंवा वाढणं काही महिने थांबतं. गर्भाची लांबी मोजून टप्पे लावा, पॅराफिन कापांत आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर नाहीसं होण्याचा टप्पा शोधा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा खर्च फक्त त्याच्या आगेमागे करा.