सिग्नेट रिंग आतड्याचा कर्करोग: आधी आयएचसी की थेट एनजीएस?

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा' असं आलं की घरात घाई सुरू होते. कुणी म्हणतं मोठी जनुकीय तपासणी, म्हणजे एनजीएस करा, कुणी म्हणतं आधी आयएचसी, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून पाहण्याची तपासणी. पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी आयएचसी आधी करायला सांगते. पैशांचा प्रश्न आहेच, पण खरं कारण या गाठीच्या घडणीत आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत हा प्रकार जेमतेम १ टक्का. निम्म्याहून जास्त पेशींत श्लेष्मा भरून केंद्रक कडेला ढकललं गेलं असेल, तरच हे नाव देतात. म्युसिनस प्रकारात श्लेष्मा पेशींबाहेर साचतो. रिपोर्ट वाचताना या दोहोंत गल्लत करू नका. नेहमीच्या कर्करोगात पेशी निदान ग्रंथी करून एकत्र असतात. इथे त्या सुट्या होऊन भिंतीत पसरतात. त्यामुळे हा बरेचदा उशिरा आणि तुलनेनं तरुण वयात सापडतो, आणि यकृतापेक्षा पोटाच्या आतल्या आवरणावर जास्त जातो.

हे विखुरलेपणच एनजीएसला नडतं. त्यात तुकड्यातला सगळा डीएनए एकत्र काढतात. कर्करोगाच्या पेशी थोड्या आणि भोवतालचे तंतू जास्त असले, तर जनुकात बदल असूनही 'आढळला नाही' असं उत्तर येऊ शकतं. आयएचसीत मी पेशी डोळ्यांनी पाहते. शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या आणि कर्करोगाच्या कोऱ्या राहिल्या, की प्रथिन हरवलंय हे कळतं. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांचं उत्तर काही दिवसांत मिळतं. यातलं एखादं हरवलं असेल आणि आजार पसरलेला असेल, तर पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा मार्ग उघडतो. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला पहिला उपचार म्हणून मान्यता मिळाली. शिवाय लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शंका येते, म्हणजे भावंडांचीही तपासणी. मात्र एमएलएच१ हरवलं आणि बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला, तर आजार आनुवंशिक असण्याची शक्यता फार कमी.

एनजीएसची बाजू भक्कम होते ती आजार पसरल्यावर. केआरएएस, एनआरएएस (ही दोन आरएएस गटातली), बीआरएएफ, एचईआर२ या जनुकांतले बदल, हे सगळं एकाच तुकड्यातून कळतं. एकेक जनुक वेगळं तपासत ऊतक संपवण्यापेक्षा ते बरं. आरएएसमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅब या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. बीआरएएफ व्ही६००ई असेल तर सेटुक्सिमॅबसोबत एन्कोराफेनिब या औषधाचा विचार होतो. उत्तराला सहसा दोन-तीन आठवडे लागतात. तोवर केमो थांबवायची का, हे ऑन्कॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा.

एनजीएस पॅनेलचे पैसे भरण्याआधी ब्लॉकमध्ये, म्हणजे बायोप्सीचा तुकडा जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यात, ट्यूमरचं प्रमाण किती टक्के आहे ते विचारा. एंडोस्कोपीचा तुकडा लहान असेल आणि पुढे शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर मी त्या मोठ्या नमुन्यावर पॅनेल करायला सांगेन. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेत ही तपासणी बसते का, तेही आधीच पाहा.

बांबोळीत गोवा मेडिकल कॉलेजात उपचार घ्या किंवा रेल्वेनं मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये जा, स्लाइड्सबरोबर ब्लॉकही मागून घ्या, नाहीतर पुन्हा बायोप्सीची वेळ येते. ब्लॉक मेणाचा असतो; मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका.