बोटीचा ट्रेलर ओढायला हायलक्स की फॉर्च्युनर?

गोव्यात शापोऱ्याच्या धक्क्यावर हा वाद नेहमीचा. हायलक्स म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप, फॉर्च्युनर म्हणजे बंद एसयूव्ही. गंमत अशी की दोन्ही टोयोटांत डिझेल इंजिन एकच : 2.8 लिटरचं टर्बो. ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला 1600 फेऱ्यांपासूनच हाताशी. ट्रेलर हलवायला हॉर्सपॉवरपेक्षा हा खालचा जोर लागतो. मॅन्युअलमध्ये तोच 420 वर येतो, म्हणून साखळी गावाहून चोर्ला घाट चढायचा तर मी ऑटोमॅटिकच घेईन.

मग फरक कुठे? इंजिनाच्या मागे. मागच्या चाकांवर हायलक्सला पाटे (लीफ स्प्रिंग), फॉर्च्युनरला मऊ कॉइल स्प्रिंग. ट्रेलरचा दांडा हुकवर टेकला की फॉर्च्युनरचं बूड अंमळ जास्त बसतं. हायलक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 3085 मिलिमीटर, फॉर्च्युनरचा 2745. वळणावर लांब गाडीला ट्रेलर कमी हलवतो. पण हायलक्सचा रिकामा हौदा हलका, शेवाळलेल्या उतारावरून बोट वर काढताना मागची चाकं फिरत राहतात. तिथे फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाका, नाहीतर हौद्यात जाळी भरा!

उतरताना दोन्हींत खालचा गिअर. नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापणारच. बोट महिन्यातून दोनदा हलणार असेल तर माझं मत हायलक्सला. बायकोचं फॉर्च्युनरला.