बिबट्याची फर आणि कोकणातली दमट हवा: पॉलिक्रोमॉस पेन्सिली पावसाळाभर वापरल्यावर

फाबर-कास्टेल कंपनीच्या पॉलिक्रोमॉस या रंगीत पेन्सिलींचा ३६ चा डबा मी गेल्या हिवाळ्यात घेतला, तो फक्त वाघ-बिबट्यांचे चेहरे काढायला. फुलं आणि समुद्रकिनारे मला जमत नाहीत आणि आवडतही नाहीत. आता मधे गुहागरचा अख्खा पावसाळा गेलाय, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. या पेन्सिलींबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, पण ते बहुतेक कोरड्या हवेत बसून लिहिलेलं. आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी धरते, तिथे कागदाची काय कथा.

आधी पेन्सिलीचं. शिसं ३.८ मिलिमीटरचं, तेलाच्या बाइंडरचं (म्हणजे रंगाची पूड तेलाने बांधलेली), थोडं कडक. त्यामुळे टोक टिकतं, आणि फर काढायची तर टोकच लागतं. नाकाच्या दांडीवरचे केस इतके आखूड असतात की रेघ ओढायचीच नाही, नुसतं टोक टेकवून उचलायचं. कपाळावर रेघ जराशी लांब, गालावर त्याहून लांब, आणि दिशा सतत वळत जाणारी. मेणाच्या पेन्सिली मऊ असतात, रंग झटकन भरतो, मोठ्या धूसर पार्श्वभूमीला मला त्याच बऱ्या वाटतात. पण मेणाचा गडद रंग दाबून भरला की काही दिवसांनी वर पांढुरका थर येतो. बिबट्याच्या काळ्या ठिपक्यांवर तो फार वाईट दिसतो. तेलाच्या शिशावर मला तो पावसाळ्यातही दिसला नाही.

काळा रंग मात्र सरळ काळ्या पेन्सिलीने भरू नका. मी आधी डार्क इंडिगो (पेन्सिलीचा क्रमांक १५७), त्यावर डार्क सेपिया (१७५), आणि काळा (१९९) अगदी शेवटी, तोही ठिपक्याच्या मध्यापुरता. सिंधुदुर्गात काळा बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तो काढायचा तर हीच पद्धत उपयोगी पडते. तो काही वेगळा प्राणी नव्हे, उन्हाची तिरीप पडली की अंगावरचे ठिपके दिसतात. तेवढ्या जागी इंडिगो उघडा ठेवायचा.

संदर्भाचा फोटो नीट बघून घ्या. फुकट फोटोंच्या साइटवर जॅग्वारला बिबट्या म्हणून टाकलेलं मी पाहिलंय. अंगावरच्या फुलांच्या, म्हणजे ठिपक्यांच्या गोल पुंजक्यांच्या, आत बारीक ठिपके असले तर तो जॅग्वार. बिबट्याची फुलं आतून मोकळी, आणि चेहऱ्यावर फुलं नसतातच, भरीव ठिपके असतात. बाहुली गोल काढा. घरच्या मांजरीसारखी उभी चीर काढली की सगळं चित्र फसतं. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडलेली दाखवली तर डोळा एकदम जिवंत होतो. मी डोळ्यापासूनच सुरुवात करते.

मिशांचं काय? पांढरी पेन्सिल गडद रंगावर चढत नाही, बहुतेक रंगीत पेन्सिली पारदर्शकच असतात. कारान दाश कंपनीच्या ल्युमिनन्स पेन्सिलींमधला पांढरा बराच झाकतो, पण तोही थोडाच. त्यापेक्षा रंग भरायच्या आधी, शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर मिशा दाबून घ्यायच्या. वरून रंग फिरवला की खाच कोरी राहते.

आता खरी गोष्ट, कागद. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, जलरंगाचा कागद जानेवारीत अप्रतिम चालला, थरावर थर घेतले. जुलैत तोच कागद ओल धरून नरम पडला. त्याचा दाणा दबतो, टोक रुततं, रंग डागाळल्यासारखा बसतो आणि लवकरच पुढचा थर घ्यायला नकार देतो. पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवला तर बरा राहतो, पण बाहेर काढून तासभर काम केलं की पुन्हा तेच. शिवाय घामट हात. हाताखाली बटर पेपर हवाच, आणि शिशाची भुकटी बोटाने न पुसता कोरड्या ब्रशने झाडायची.

तेव्हा पावसाळ्यात मी ड्राफ्टिंग फिल्मवर गेले. आर्किटेक्ट लोक नकाशाला वापरतात ती, पॉलिएस्टरची. दमट हवेचा तिच्यावर काहीच परिणाम नाही. थर तीन-चारच बसतात, म्हणून रंग आधीच ठरवून घ्यावा लागतो. उलट बाजूनेही रंग लावता येतो, त्याने खोली येते. आणि मिशा? ब्लेडच्या टोकाने खरवडून काढायच्या. कागदावरच्या खाचेपेक्षा त्या मला जास्त आवडल्या, मुळाशी जाड आणि टोकाला बारीक येतात.

१२० चा डबा घ्यावा का, असं मैत्रिणी विचारतात. मांजरकुळासाठी मुळीच नको. ३६ मधले अर्धे हिरवे-जांभळे माझ्याकडे जवळपास नवेकोरे पडून आहेत. वॉलनट ब्राऊन, बर्न्ट ऑकर आणि करड्या छटा मात्र पटापट संपतात. डब्यात करडे सगळे नसतात, तेव्हा ते सुटे मागवा. पेन्सिलीवर छापलेल्या चांदण्याही बघा; तीन म्हणजे उजेडात सर्वांत टिकाऊ रंग. आमच्या पडवीत दुपारचं ऊन थेट भिंतीवर येतं, म्हणून जिभेच्या गुलाबीसाठीही मी तीन चांदण्यांचाच रंग निवडते. फ्रेम करायची तर दिवाळीनंतर करा, आणि काच चित्राला टेकणार नाही असा माउंट घालायला सांगा, नाहीतर आत ओल कोंडते.